साहेब नव्हता तो

आमच्या घरात ‘इंग्रज’ हा शब्द जपून वापरावा लागे. शिवी दिली तर एखादा धपाटा मिळायचा आणि विषय संपायचा. पण बाबांच्या लढाईच्या गोष्टीतल्या त्या एका माणसाला कोणी इंग्रज म्हटलं, की बाबा हातातला घास ताटात ठेवत आणि समोरच्याकडे रोखून बघत म्हणत, “इंग्रज न्हवता. ऑस्ट्रेलियन व्हता.” मग ऑस्ट्रेलिया कुठे, तिथले लोक कसे, त्यांची टोपी एका बाजूने कशी वर वळवलेली असते, हे सगळं पहिल्यापासून. आईचं कालवण निवायचं. आई म्हणायची, “गोरा तो गोरा. त्याच्यात काय निवरायचा हाय, तांदूल हाय का?” बाबा तिलाही सोडायचे नाहीत. भिवंडीजवळच्या आमच्या कामतघरच्या पोरांनी त्यांचं नावच ऑस्ट्रेल्या पाडलं होतं. लॉरी गल्लीत वळली की “ऑस्ट्रेल्या आला” म्हणून ओरडत पोरं बाजूला व्हायची. त्यांना राग येत नसे, उलट बरं वाटायचं, आणि याचाच आम्हाला राग यायचा.

घर तलावाच्या अंगाला होतं, दोन खोल्या आणि पुढे पडवी. आमच्या मागच्या भिंतीला लागून लूमची, म्हणजे यंत्रमागांची, शेड उभी राहिली तेव्हापासून घरात हळू बोलणं बंदच झालं. शिफ्ट बदलताना पाच-दहा मिनिटं लूम थांबत, तेव्हा आम्ही आपल्याच आवाजाला दचकायचो. सुताचे तंतू हवेत असायचे. आई भाताच्या टोपावर फडकं टाकून वर ताट उपडं घालायची, तरी भातात एखादा पांढरा धागा निघायचाच. जेवण आमचं ठरलेलं. तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलाचं नाहीतर जवळ्याचं कालवण, आणि खाडीवरून मावशी आली तर चिखलातले निवट्या मासे. दुसऱ्या महायुद्धानंतर बाबा फौजेतून आले तेव्हा त्यांना लॉरी चालवण्याखेरीज काही येत नव्हतं. शेती मोठ्या भावाने, म्हणजे आमच्या तात्यांनी, सांभाळली होती. बाबा एका शेठची लॉरी चालवायला लागले. सुताच्या गाठी आणायच्या, कापडाचे तागे ठाण्याला पोचवायचे. वाटेत जिथे चहाला थांबत तिथे ती गोष्ट सांगत. लूमवरचे भय्ये त्यांना मुद्दाम छेडायचे, “चाचा, वो अंग्रेजवाला किस्सा सुनाओ ना,” आणि बाबा दरवेळी आपल्या मोडक्या हिंदीत सुरू करायचे, “अंग्रेज नहीं था वो.”

गोष्ट अशी होती. आफ्रिकेतल्या वाळवंटात वाळूचं वादळ झालं आणि बाबांची लॉरी ताफ्यातून चुकली. वादळ बसलं तेव्हा आसपास फक्त एक लॉरी, तिचा पुढचा आस मोडलेला, आणि तिच्या सावलीत एक गोरा ड्रायव्हर बसलेला. बाबांच्या लॉरीत वाळू जाऊन इंजिन बसलं होतं. बाबांकडे शिध्याचं पीठ होतं, पण ते मळायला पाणी नव्हतं. होतं ते घोटघोट प्यायचं. गोऱ्याकडे डब्यातलं मटण होतं. त्याने डबा सुरीने उघडला, दोन घास स्वतः खाल्ले आणि डबा पुढे सरकवला. बाबा घेईनात. तेव्हा त्याने डबा दोघांच्या मध्ये ठेवला आणि आपणही खायचा थांबला. त्या दिवशी बाबांनी खाल्लं, ते भुकेने. दुसऱ्या दिवशी एका गाडीतून एक इंग्रज अंमलदार आला. त्याने पाण्याचा कॅन उतरवला आणि गोऱ्याला म्हणाला, म्हणजे बाबांना खुणांवरून समजलं ते असं, तू चल, एकाचीच जागा आहे, हा काळा इथे लॉऱ्या राखत बसेल, त्याच्यासाठी नंतर कोणीतरी पाठवू. गोऱ्याने सलाम तर ठोकला नाहीच, उठूनही उभा राहिला नाही. बसल्या बसल्या त्याने अंमलदाराला असं काही सुनावलं, की बाबांना इंग्रजी येत नसूनही ते कळलं. अंमलदार लाल झाला, ओरडला, काहीतरी टिपून घेतलं आणि निघून गेला, पाण्याचा कॅन तेवढा तिथेच राहिला. मग बाबांनी पीठ मळलं, लॉरीच्या पत्र्यावर रोट्या भाजल्या, आणि दोघांनी नव्याने उघडलेल्या एकाच डब्यातल्या मटणाला लावून त्या खाल्ल्या. “माज्या हातची रोटी त्यानी खाल्ली, त्याच्या डब्यातला मी खाल्ला,” असं म्हणून बाबा थांबायचे. त्यांच्या लेखी इथे गोष्ट संपत असे. पुढे सुटका कशी झाली ते त्यांना खोदून विचारावं लागे.

बाबा त्या लोकांचे गोडवेच गायचे असं मात्र नाही, हे मला न्यायाने सांगितलं पाहिजे. आमच्याकडच्या शिपायांत त्यांचं नाव वाईट होतं, हे ते स्वतःच सांगत. सुट्टीवर गेले की दारू पिऊन दुकानांच्या काचा फोडतील, मिसरी, म्हणजे इजिप्तच्या, दुकानदारांना फुकट मारतील, आपसातही डोकी फोडतील. इतर गोरेसुद्धा त्यांना पाण्यात पाहायचे. “गुंडच व्हतं,” बाबा म्हणायचे, “पन गुंडाला साहेब कसा बोलशील? साहेब बोल्ला का ते चिरायचं, राग यायचा त्याना.” मला आठवतं, शाळेतल्या बाईंनी एकदा त्यांना विचारलं, की मग ते लोक चांगले की वाईट. बाबांनी बराच विचार केला आणि म्हणाले, “ते ऑस्ट्रेलियन व्हते.” अशा माणसापुढे कोण हात टेकणार नाही?

आता वयाच्या या टोकाला, नातवाने मोबाइलवर शोधून दिलेलं मी थोडंफार वाचलं आहे. तिकडे त्या शिपायांची मोठी कीर्ती आहे. सलाम न करणारे, वरिष्ठांना न जुमानणारे, सोबत्याला न सोडणारे, अशी. चौकाचौकांत त्यांचे पुतळे आहेत. आणि त्याच वाचनात हेही कळलं, की बाबा ज्या काळात इथे त्यांच्यासाठी भांडत होते, त्या काळात त्या देशात आमच्या रंगाच्या माणसाला बिऱ्हाड करायची मुभाच नव्हती. मी मोबाइल पालथा ठेवला. बाबा असते तर त्यांना हे वाचून दाखवलं असतं आणि त्यांनी मला सांगितलं असतं की तो कायदा सरकारचा, तो काय त्या ड्रायव्हरने केला होता? मला त्यांचं उत्तर पाठ आहे आणि ते ऐकायच्या आधीच माझं डोकं फिरतं.

ताईचं लग्न ठरलं ते मानकोलीला. ताई माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी. आई तिला यमे म्हणायची, मी ताई, आणि बाबा आम्हा दोघींनाही बायच म्हणायचे, त्यामुळे हाक कुणाला आहे ते त्यांच्या तोंडाकडे पाहून ओळखावं लागे. मुलाचं नाव काशिनाथ. शिकलेला, जकात नाक्यावर कारकून. चुलत बहिणीच्या हळदीत ताईने त्याला पाहिलं आणि त्याने ताईला, आणि बाकीचं बायकांनी जमवलं. सुपारी फुटली. ताई त्या दिवसांत तलावावर धुणं धुताना मला पुन्हा पुन्हा एकच सांगायची, “मानकोलीला लूम न्हाय. वारा वाजतंय तो पन ऐकायला येतंय.” तिला साड्यांचं, दागिन्यांचं एवढं नव्हतं. तिला त्या शांत घरात जायचं होतं, त्या माणसाबरोबर. आज मानकोलीवरून जाताना ट्रकांची रांग पुढे सरकत नाही, दोन्ही बाजूंना गोदामांचे पत्रे, आणि हॉर्नमुळे शेजारच्याचं बोलणं कळत नाही. ते पाहून मला ताईचं वाक्य आठवतं आणि ट्रकवाल्यांवर उगाच चिडायला होतं.

डब्यातल्या मटणाची गोष्ट मानकोलीला कोणी पोचवली, तर बाबांनीच. कोणा चहाडखोराची त्यात गरजच पडली नाही. नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर त्यांनी ती रंगवून सांगितली, आणि ऐकणाऱ्यांत मुलाचा चुलता बसला होता. गोऱ्यांच्या डब्यात कसलं मटण असतं हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी ते तोंडाने म्हणत नव्हतं. आमच्या गावात वर्षानुवर्षं ते कोणी मनावर घेतलं नव्हतं, कारण बाबा सांगत तेव्हा लोक हसण्यात दंग असत. पण सोयरीक म्हटली की लोकांचे कान वेगळे होतात. निरोप आला, की मुलाचे आजोबा आणि मानकोलीचे पंच एकदा घरी येऊन बसतील, सरळ विचारतील, आणि मग पुढचं.

तात्या दोन दिवस आमच्याकडेच होते. त्यांनी सगळं आधीच जुळवून आणलं होतं. मानकोलीचे आजोबा चांगले माणूस होते, त्यांनाही लग्न मोडायचं नव्हतं. त्यांनी तात्यांना वाट सांगितली होती. शिपाई हा हुकमाचा ताबेदार. साहेबाने समोर ठेवलं, खा म्हणाला, शिपायाने खाल्लं. त्यात शिपायाचा दोष नाही. एक नारळ देवापुढे फोडायचा आणि विषय बंद. “तुना काय बोलायचा पन न्हाय,” तात्या बाबांना समजावत होते. “म्हातारा बोलंल, साहेबाचा हुकूम व्हता. तू निस्ती मान हलव. यवराच.”

“साहेब न्हवता पन तो, दादा.”

“म्हायीत हाय रं बाबा, म्हायीत हाय. आख्ख्या भिवंडीला म्हायीत हाय. येक दिस तो साहेब झाला त काय त्याचा जीव जातंय?”

बाबा गप्प राहिले. आईने ते गप्प राहणं म्हणजे होकार धरला आणि तांदळाच्या पापड्या तळायला घेतल्या.

पाहुणे आले, पडवीत घोंगडीवर बसले. मी तांब्या आणि पितळेचे प्याले ताटात घालून नेले आणि त्यांच्या पुढ्यात ठेवले. कोणी हात लावला नाही. हे मला आईने आधीच सांगून ठेवलं होतं. अशा बैठकीत घरचं पाणी प्यायले की मिटलं, असा अर्थ. तोवर प्याले तसेच राहायचे. ताई आतल्या दाराआड उभी होती. मी जाऊन तिच्यामागे उभी राहिले. लूम चालू होते म्हणून बाहेरची माणसं नेहमीपेक्षा मोठ्याने बोलत होती, त्यामुळे एकही शब्द सुटला नाही.

आजोबांनी पाऊसपाणी, लॉरी, शेठ सगळं विचारून घेतलं. मग ते म्हणाले, “गनपत, तू फौजी मानूस. तिकरं साहेबानी जो पुऱ्यात ठेवला तो तू खाल्ला. हुकूमच तो. त्याच्यात तुजा काय गुना हाय?”

तात्या लगेच म्हणाले, “तसाच झाला तो.” आजोबांनी हसून हात पुढे केला. त्यांची बोटं प्याल्याला लागलेली मी दाराच्या फटीतून पाहिली. ताईने माझं मनगट धरलं होतं, ते तिने सोडलं.

“साहेब न्हवता तो,” बाबा म्हणाले.

तात्यांनी डोळे मिटले. आजोबांनी हात मागे घेतला, पण रागावले नाहीत. “गोरा म्हंजे साहेबच, गनपत.”

“न्हाय. साहेब त्याला न्यायला आलता. तो न्हाय गेला. माज्यासाठी बसला.” आणि बाबांनी सगळी गोष्ट सांगितली, आस मोडल्यापासून. मी दाराआड मनातल्या मनात म्हणत होते, की आता तरी थांबा, इथेच थांबा, ते पाण्याच्या कॅनपर्यंत जाऊ नका. तिथपर्यंत गोष्ट भुकेची होती, आणि आजोबांनाही ते दिसलं. ते मध्येच घाईने म्हणाले, “भूक लागलेली. पानी न्हवता, पीठ मलायला पन भेटला न्हाय. उपाशी मानसाला कोन दोस देतंय? भुकंनी खाल्ला तू.”

यापेक्षा मोठं दार कोणी कोणाला उघडून देणार? बाबांनी फक्त आत पाऊल टाकायचं होतं.

“पयल्या दिसाला भुकंनी,” बाबा म्हणाले. “दुसऱ्या दिसाला पानी आलता. मी रोट्या केल्या. तवा कोरी रोटी खाऊन पन भागला असता.”

“मंग?”

“मंग त्याच्यासंगती खाल्ला.”

“कोनी सांगला न्हवता.”

“न्हाय.”

“मनानी खाल्ला.”

“मनानी,” बाबा म्हणाले.

 आजोबांचा चेहरा मला अजून आठवतो. एखाद्या शहाण्या माणसाने आपलं म्हणणं ऐकू नये आणि त्यामुळे आपल्यालाच वाईट वागावं लागावं, तसा तो त्रासलेला होता. मग ते उठले. बाकीचे उठले. तात्या त्यांच्यामागे गल्लीतल्या बाबांच्या लॉरीपर्यंत, तिथून रस्त्यापर्यंत गेले. प्याले भरलेलेच होते. आईने ते एकेक करून अंगणातल्या दगडावर ओतले आणि पापड्यांचं ताट शेजारच्यांना देऊन टाकलं.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण त्यातलं बरंचसं सगळ्यांच्या घरी घडतं तसंच आहे. काशिनाथने दोनदा निरोप पाठवला, तिसऱ्यांदा पाठवला नाही. पुढच्या उन्हाळ्यात ताईला दिघाशीला दिली. माणूस वाईट नव्हता, पहिली बायको वारलेली, पदरात एक मूल. ताईने संसार नीट केला. लोक आज मला सांगतात, की तुमचे बाबा काय खरे माणूस होते, आजकाल कोण एवढं खरं बोलतं. लोकांचं काय जातं? खरं बोलायला बाबा आणि त्याची किंमत द्यायला ताई, अशी वाटणी कोणी केली, हे मला कोणी सांगत नाही. तो गोरा लढाईतून वाचला की नाही, अंमलदाराने त्याला पुढे काय शिक्षा केली, हेदेखील बाबांना माहीत नव्हतं. त्याने बाबांसाठी आपली सुटका सोडली, हे मला मान्य आहे. पण ती त्याची स्वतःची होती. बाबांनी सोडली ती ताईची.

मला शेवटी सांगायचं आहे ते दिघाशीच्या आधीचं, पंच येऊन गेल्यावर आठ-पंधरा दिवसांनी झालेलं. तोवर ताई बाबांशी एक शब्द बोलली नव्हती. ताट वाढायची, पाणी ठेवायची, आणि बाबा “बाय” म्हणाले की मलाच पुढे ढकलायची. त्या दुपारी बाबा जेवायला घरी आले होते. आई तलावावर. शिफ्ट बदलायची वेळ झाली आणि लूम थांबले. ताई भाताचा टोप घेऊन वाढायला आली होती, ती तशीच उभी राहिली.

“बाबा,” ती म्हणाली, “त्याचा नाव काय व्हता?”

आम्ही इतकी वर्षं ती गोष्ट ऐकली, त्याची टोपी, त्याची सुरी, त्याचा डबा सगळं पाठ होतं, आणि हे कधी कोणी विचारलं नव्हतं. बाबांनी घास खाली ठेवला. त्यांचे ओठ हलले. मी त्यांच्याकडे बघत होते, आणि मला कळलं की त्यांना आठवत नाही असं नव्हे, आठवायला काही नाहीच.

“नाव न्हाय इचारला,” ते म्हणाले. “त्यानी पन माजा न्हाय इचारला. दोगंच व्हतो तिकरं. नाव कशाला लागतंय?”

ताईने टोप जमिनीवर ठेवला आणि त्यांच्या समोर बसली. ती रडत नव्हती. तिने त्यांच्याकडे असं पाहिलं, की मला तिथून उठून जावंसं वाटलं.

“माजा तरी म्हायीत हाय ना तुमाना?”

बाबांनी मान खाली घातली.  मग म्हणाले, “यमुना.”

“परत बोला,” ताई म्हणाली.